गोरज अर्धा तास अलीकडं

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि एकसुद्धा गाय दिसत नव्हती.

मांडवात माणसं खोळंबली होती. नवरा मुलगा घाम पुसत उभा होता. नवरी आत तयार बसली होती. माझ्या एका हातात विधीचं पुस्तक, दुसऱ्या हाताच्या मनगटावर घड्याळ आणि डोळे धरणाच्या काठाकडं. नवऱ्या मुलाचे काका पुण्याचे, पोस्टात कामाला. ते तिसऱ्यांदा जवळ आले.

"पाळकसाहेब, सुरू करायचं ना?"

"करू की. गुरं येऊ द्या."

"गुरं?"

"हो, गुरं."

त्यांनी माझ्याकडं नीट न्याहाळून बघितलं. या पाळकाला ऊन लागलंय, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांचा काही दोष नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी मुळशी तालुक्यात बरीच वर्षं ख्रिस्ती प्रचारक होतो आणि पुढं पाळक झालो. पाळक म्हणजे मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या समुदायाचा, सांभाळ करणारा. पौडला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, एक सायकल, टाळांची जोडी आणि धरणाच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या अकरा वाड्या, एवढा माझा कारभार. एकेका वाडीत दोन घरं, कुठं एकच. लोकांना वाटतं, प्रचारक म्हणजे सारखा बोलत असणार. अहो, बोलणं रविवारी. बाकीचे सहा दिवस नुसतं चालायचं. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला पत्र लिहून द्यायचं, कुणाचं भांडण मिटवायचं. सायकल पंक्चर झाली की तीही खांद्यावर न्यायची.

त्या वर्षी मला लग्नं लावायचं लायसन्स मिळालं. आमच्यात लग्न लावायला सरकारी लायसन्स लागतं. ते मी मेणकापडात गुंडाळून पिशवीत घेऊन हिंडायचो, जणू कोणी वाटेत विचारणारच होतं! त्याबरोबर नियम आले. लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नवरा-नवरीची नावं पुकारायची आणि कुणाची हरकत आहे का ते विचारायचं. दोन साक्षीदार हवेत. रजिस्टरात सह्या हव्यात. आणि लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळात लागलं पाहिजे. हा शेवटचा नियम मी वाचला आणि विसरलो. आमची लग्नं सगळी सकाळी अकराला लागायची. कोण कशाला लक्षात ठेवतो?

धरणाच्या काठच्या एका वाडीत याकोब आणि सरूबाई हे जोडपं राहायचं. याकोब मूळचा खंडू. पोटाच्या दुखण्यानं चार महिने मिशनच्या दवाखान्यात होता. बरा होऊन परत आला तो बाप्तिस्मा घ्यायचा विचार करूनच, आणि नवरा-बायको दोघांनी तो घेतला. गावानं थोडे दिवस नाकं मुरडली, मग पेरण्या आल्या आणि लोक विसरले. विसरला नाही तो एकटा सरूबाईचा थोरला भाऊ, रामभाऊ. तो धरणापलीकडच्या गावचा. बाजारात बहीण भेटली की ख्यालीखुशाली विचारायचा, पोरीसाठी गुळाचा खडा हातावर ठेवायचा. पण अकरा वर्षं त्यानं बहिणीच्या घराची पायरी चढली नव्हती. तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

पोरगी म्हणजे तारा. तिचं लग्न ठरलं पुण्यातल्या एका कंपाउंडरशी. दुसरी पुकार झाली त्या आठवड्यात सरूबाई पौडला माझ्याकडं चालत आली. चेहरा असा फुललेला की मला वाटलं, लॉटरीच लागली बाईला.

"पाद्रीबाबा, दादा येतो म्हनला!"

"रामभाऊ? लग्नाला?"

"व्हय. म्या गेल्ते आवतान द्यायला. म्हनला, तुमच्या देवाचं तुमी बगा, मी त्यात पडत न्हाई. पर आपल्या घरातल्या समद्या पोरी गोरजावर हुब्या ऱ्हायल्यात. माजी भाची बी गोरजावर हुबी ऱ्हानार आसंल, तर मी तिचा हात धरून मांडवात आनतो. न्हाईतर मला बोलवू नगं."

"मग तू काय म्हणालीस?"

"व्हय म्हनले. म्हनू नगं व्हतं का?"

"बरं केलंस," मी म्हणालो. "त्यात काय!"

हे 'त्यात काय' मला फार महागात पडलं.

गोरज म्हणजे गुरं चरून घरी परततात ती वेळ. खुरांनी धूळ उडते, दिवस कलतो. ही वेळ शुभ धरतात, वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. आणि मावळात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. मामा नसला तर मांडव भरलेला असूनही लोक विचारतात, मामा कुठाय? मला यात काही वावगं दिसलं नाही. धुळीचा आणि माझ्या देवाचा काही वाद नव्हता.

चार दिवसांनी लग्नाचे कागद घेऊन पुण्याला सुपरिंटेंडंटसाहेबांकडं गेलो. आमच्या भागाचे हे मुख्य पाळक. चष्म्यावरून बघायचे आणि सगळ्या प्रचारकांना मास्तर म्हणायचे. त्यांनी कागद वाचला आणि बोट एका जागी थांबलं.

"मास्तर, वेळेपुढं हे काय लिहिलंय? गोरज?"

"हो साहेब. संध्याकाळी."

"संध्याकाळी किती वाजता?"

"म्हणजे... दिवेलागणीला."

"दिवेलागण किती वाजता असते?"

साहेबांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि तो नियम मला मोठ्यानं वाचायला लावला. शाळेतल्या पोरासारखा उभा राहून वाचला.

"सात म्हणजे सात," ते म्हणाले. "सात वाजून एक मिनिट झालं तर तुमचं लायसन्स गेलं. वर खटला झाला तर मी सोडवायला येणार नाही. सकाळी अकराला लावा."

"साहेब, सकाळी लावलं तर मुलीचा मामा येणार नाही."

"मामा नसला तरी लग्न लागतं."

"लागतं साहेब. पण अकरा वर्षांनी येतोय तो."

साहेब पुस्तक मिटून म्हणाले, "मास्तर, तुमची अडचण मला कळते. नियमाला ती कळत नाही. जा."

परत येताना सरळ वाडीवर गेलो. म्हटलं, आधी बघू तरी गोरज होतो किती वाजता. मे महिना होता. पावसाआधी धरणाचं पाणी बरंच ओसरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. बाकी सगळं रान करपलेलं, त्यामुळे वाडीची सगळी गुरं दिवसभर तिथं. मी काठावर घड्याळ हातात धरून बसलो. पहिली गाय माझ्यासमोरून गेली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळं गणित फिसकटलं होतं दहा मिनिटांनी! विधीचा वेळ धरला तर अर्ध्या-पाऊण तासानं.

सरूबाईला सांगणं भाग होतं. ती अंगणात चूल लिंपत होती. मी सगळं सांगितलं, नियमासकट. ती ओरडली नाही, रडली नाही. हात मात्र थांबला.

"म्हंजी दादा न्हाई येनार."

"मी जाऊन समजावतो ना त्याला. वेळ थोडी अलीकडं घेऊ म्हणतो."

"नगा जाऊ. एकदा म्या त्येला न इचारता धरम बदलला, पाद्रीबाबा. आता येवढा एक शबुद दिला, त्यो बी बदलायचा? त्येला काय वाटंल?"

माझाच संताप आला मला. विचार न करता 'त्यात काय' म्हणणारी ही जीभ!

सायकल हातात धरून चढ चढत होतो. समोरून वाडीची गुराखीण येत होती. भागाबाई. सत्तरीची, वाळकी, आवाज मात्र डोंगर हलवील असा. वाडीतल्या सगळ्या घरांची गुरं ही एकटी राखायची. एक वासरू मागं राहिलं होतं, त्याला शिव्या घालत चालली होती. मी तिथंच थांबलो. गोरज म्हणजे काही घड्याळातली वेळ नव्हे. गुरं घरी येतात ती वेळ. आणि गुरं ही बाई आणते!

"भागाबाई, ताराच्या लग्नादिवशी गुरं जरा लवकर आणशील का?"

"कितीक लवकर?"

"सव्वासहाला."

"मला काय कळतंय तुजं सव्वासा? सूर्व्या कुटं आसंल त्ये सांग."

मी हात वर करून दाखवलं. ती हसायलाच लागली.

"आरं, तवा गवात सोडून येत्यात व्हय गुरं? त्येंच्या पोटाला कळतं कवा जायचं. एकदम हाकलली तर शिंगं उगारतील माज्यावर."

"मग जमणार नाही?"

"जमंना का? सव लावावी लागंल. चार दीस आदीपासनं. रोज जरा जरा आदी वळवते." मग तिनं डोळे बारीक केले. "पर कशापायी? तुमाला मुहूर्त कशाला लागतो रं?"

मी खरं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "सरूसाटी व्हय? मग आनते. तुज्यासाटी आनली नसती."

तिनं शब्द पाळला. पहिल्या दिवशी गुरं सातला आली, दुसऱ्या दिवशी पावणेसातला, मग साडेसहाला, मग सव्वासहाला. मी रोज काठावर घड्याळ घेऊन हजर. पौडच्या बाजारात लोक विचारायला लागले, पाद्रीबाबानं गाय घेतली काय?

फक्त एक गोष्ट मला खात होती. ही रामभाऊची फसवणूक नव्हे का? घरी बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रविवारी खरं बोला म्हणून लोकांना सांगता. मग जा आणि सांगून टाका की त्यांना." बरोबर होतं तिचं. पण मी गेलो नाही. म्हटलं, सांगितलं आणि तो बिथरला तर? लग्नादिवशी मांडवात सांगू, आयत्या वेळी. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

लग्नादिवशी दुपारी वऱ्हाड आलं. काकांनी हौसेनं पुण्याहून बँड आणला होता. कॉर्नेट, बाजा आणि एक भला मोठा ढोल. मुलाला काठावर मिरवून मांडवात आणायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. पावणेसहाला भागाबाई गुरं वळवून चढणीला लागली होती. सगळं ठरल्याप्रमाणं. आणि काठावर त्या ढोलवाल्यानं ढोल बडवला.

मुळशीच्या गुरांनी वाघाचा आवाज ऐकला असेल, बँड ऐकला नव्हता. शेपट्या वर करून सगळा कळप परत खाली उधळला, थेट पाण्यापर्यंत. भागाबाईनं बँडवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो मला मांडवात ऐकू आला.

तर आता सहा वीस. गुरं खाली पांगलेली. आणि रामभाऊचाही पत्ता नव्हता. पलीकडून होडी यायची, ती कधीची यायला हवी होती. सरूबाई दारात उभी होती. ती गुरांकडं बघत नव्हती, होडी लागायच्या जागेकडं बघत होती. मधल्या उंचवट्यामुळं तिथलं काही दिसत नव्हतं.

सहा पंचवीस. सहा तीस. याकोब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्या गळ्याला फास लावून घेऊ नगा. करा सुरू."

मी सरूबाईजवळ गेलो. "बाई, पावणेसातपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं थांबता येणार नाही मला. पोरीचं लग्न व्हायला पाहिजे."

डोळ्यांतलं पाणी तिनं पदरानं टिपलं आणि पुन्हा तिकडंच बघत राहिली. त्या वेळी माझ्या मनात प्रार्थना होती ती काही पुस्तकातली नव्हती. देवा, एवढी गुरं वर आण, बाकी सगळं मी बघतो, इतकीच होती.

सहा चाळीसला घंटा वाजली. गाईच्या गळ्यातली.

उंचवट्यावर आधी धूळ दिसली. मग शिंगं. मग सगळा कळप दाटीनं वर आला. त्याच्या एका बाजूला भागाबाई होती आणि मागं एक उंच माणूस होता. धोतराचा काचा मारलेला, पटका सुटून खांद्यावर आलेला, कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग पार लाल झालेला. हातात काठी आणि तोंडानं हाळ्या. सरूबाईच्या तोंडून शब्द फुटला, "दादा!"

रामभाऊ होडीतून उतरला होता आणि समोर ही म्हातारी एकटी छप्पन्न ठिकाणी पांगलेल्या गुरांमागं धावत होती. शेतकऱ्याला ते बघवतंय होय? कुणाची गुरं, आज घाई कसली, म्हणून त्यानं विचारलं. भागाबाईच्या पोटात काही राहतच नाही. तिनं नियम, सात वाजता, पाद्री, घड्याळ, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुमीच का पाद्री?"

"हो."

"मला सांगायचं व्हतं. मी काय वाघ हाय?"

"चुकलं माझं, रामभाऊ. सांगायला यायला हवं होतं. भ्यालो."

"चुकलंच." त्यानं मान वळवून डोंगराकडं बघितलं. "सूर्व्या आजून हातभर वर हाय."

"आहे."

"आन् गुरं घरला आली."

"आली."

"आली म्हंजी? म्याच आनली की!" त्यानं काठी भिंतीला टेकवली. "मंग झाला गोरज. हुबं काय ऱ्हायलाय? तुमचं घड्याळ थांबलंय व्हय? पोरगी कुटं हाय माजी?"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. रामभाऊ तसाच, धुळीनं माखलेला, घरात गेला. अकरा वर्षांनी त्यानं ती पायरी चढली, पण त्याच्या ध्यानातही आलं नसेल. ताराचा हात धरून तो बाहेर आला. तिच्या नव्या लुगड्याला त्याच्या हाताची माती लागली, ती तिनं झटकली नाही.

लग्नात मी एरवी पाऊण तास उपदेश करायचो. लोकांना आवडतो, असा माझा समज होता. त्या दिवशी चार वाक्यं बोललो. एकमेकांना सांभाळा. दिलेला शब्द पाळा. घरी आलेल्याला परत पाठवू नका. आणि चूक झाली तर कबूल करा. चौथं माझ्या स्वतःसाठीच होतं. वचनं घेतली, हात जुळवले, आशीर्वाद दिला. तेवढ्यात एका गाईनं मांडवाच्या खांबाचे आंब्याचे डहाळे खाऊन टाकले. कुणी हाकललं नाही तिला. घड्याळात सहा त्रेपन्न.

रजिस्टर उघडलं. एक साक्षीदार काका. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी होती. मी रामभाऊकडं बघितलं.

"मला सही येत न्हाई," तो म्हणाला.

"अंगठा चालतो."

"आन् मी तुमच्यातला न्हाई."

"साक्षीला डोळे लागतात, रामभाऊ. लग्न बघितलंत ना?"

"आरं, बघितलं म्हंजी? लावलंच की म्या!"

त्यानं अंगठा उठवला. शाई आणि माती मिळून तो चांगला ठळक उमटला. मग ओट्यावर टेकला, पटका सोडून तोंड पुसलं, दोनदा खाकरला आणि आत बघून हाक मारली.

"सरे, पानी आन गं. घसा पार धुळीनं भरलाय."

त्या वाडीत या हाकेचा अर्थ न कळणारं कुणी नव्हतं. सरूबाई तांब्या घेऊन आली. धावत येण्याच्या नादात निम्मं पाणी उंबऱ्यावरच सांडलं. रामभाऊ तांब्या वर धरून घटाघटा प्यायला आणि रिकामा तांब्या पुढं केला.

"निम्मंच आनलंस. आनखी आन."

मी तिथून उठून सायकलीची हवा बघायला गेलो. हवा चांगली होती. पण माणसानं सगळ्यांसमोर रडू नये, पाळकानं तर नाहीच.

पुढच्या आठवड्यात रजिस्टर साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी वेळ बघितली आणि मान डोलावली. मग त्या लाल अंगठ्यावर बोट ठेवलं.

"हा दुसरा साक्षीदार कोण?"

"मुलीचा मामा."

"आले तर. आणि गोरजाचं काय केलंत?"

"गुरं लवकर आणली, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नियमांच्या पुस्तकाकडं एकदा बघितलं, पण ते उघडलं नाही. "पुढच्या खेपेला वेळ घड्याळाची लिहा," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळल्या. ज्याला सांगायचं त्याच्या घरी जाऊन आधी सांगितलं. आणि लग्नातला उपदेश चार वाक्यांच्या पुढं कधी नेला नाही. रिटायर होईपर्यंत एकाही माणसानं त्याबद्दल तक्रार केली नाही. तेवढं मात्र मला थोडं लागलं.